वाहतूक व नागरी अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण : पूर्वतयारी, अभ्यासक्रमाची निवड आणि संशोधनाचा प्रश्न

शहरातील जमिनीचा भाव आणि त्या जमिनीपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ व पैसा या दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून असतात, आणि या परस्परावलंबनाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या ज्ञानशाखेला नागरी अर्थशास्त्र व वाहतूक अर्थशास्त्र अशी दोन नावे असली, तरी प्रत्यक्षात त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. रस्ते, रेल्वे व बस यांच्याशी संबंध असल्यामुळे ही स्थापत्य अभियांत्रिकीची एखादी उपशाखा असावी, असा समज पदवीच्या विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. मात्र एका पुलावरून ताशी किती वाहने जाऊ शकतील हा अभियंत्याचा प्रश्न आहे आणि पूल कोठे असावा हा नगररचनाकाराचा. पूल झाल्यावर त्यावरून जाण्यास कोण नव्याने बाहेर पडेल, त्याच्या दोन्ही टोकांना घरांची भाडी किती बदलतील, या लाभाचा वाटा अखेर भाडेकरूच्या पदरात पडेल की जमीनमालकाच्या, आणि पुलाचा खर्च कोणाकडून वसूल करणे न्याय्य ठरेल, हे प्रश्न अर्थशास्त्रज्ञाचे आहेत. या शाखेतील उच्च प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्याने आपल्याला नेमक्या कोणत्या प्रकारच्या प्रश्नाचे कुतूहल आहे, हे प्रथम तपासावे, कारण पुढील सर्व निवडी त्यावर ठरतात.

या शाखेची पूर्वपीठिका थोडक्यात माहीत असणे अभ्यासाच्या सोयीचे आहे. जर्मन जमीनदार व अर्थतज्ज्ञ योहान हाइनरिख फॉन ट्यूनेन यांनी १८२६ मध्ये बाजारपेठेच्या शहराभोवती कोणते पीक किती अंतरावर घेतले जाईल, याचे स्पष्टीकरण वाहतूकखर्चाच्या आधारे दिले. तोच विचार १९६० च्या दशकात विल्यम अलोन्सो, एडविन मिल्स व रिचर्ड म्यूथ यांनी आधुनिक शहराला लावला आणि त्यातून 'एककेंद्री शहरा'चे प्रतिमान उभे राहिले. सर्व रोजगार शहराच्या मध्यभागी आहे असे मानले, तर केंद्रापासून दूर राहणाऱ्याला प्रवासाचा जो जास्तीचा खर्च सोसावा लागतो, त्याची भरपाई स्वस्त जागेच्या रूपाने व्हावी लागते, अन्यथा तेथे कोणी राहणारच नाही. एवढ्या साध्या समतोलाच्या अटीवरून भाडे, घराचा आकार, इमारतीची उंची व लोकवस्तीची घनता केंद्रापासून कशी बदलत जाते, हे गणिताने काढता येते. वाहतुकीच्या बाजूला फ्रेंच अभियंता ज्यूल ड्युपुई यांनी १८४४ मध्ये सार्वजनिक बांधकामाची उपयुक्तता मोजताना अशी मांडणी केली, की पूल वापरणारा जास्तीत जास्त जेवढे देण्यास तयार असतो आणि प्रत्यक्षात जेवढे देतो, यांतील फरक हा त्याचा लाभ होय. आज लाभ-खर्च विश्लेषणाचा कणा असलेली 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' ही संकल्पना अशा रीतीने पथकराच्या चर्चेतून जन्मली. १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळालेले विल्यम विक्री यांनी १९६९ मध्ये मांडलेले अरुंद गळ्याचे प्रतिमान असे सांगते, की गर्दीच्या वेळी रांगेत वाया जाणारा वेळ कोणाच्याच उपयोगी पडत नाही आणि वेळेनुसार बदलणारा कर त्या रांगेची जागा घेऊ शकतो. वेळेची नासाडी अशा करामुळे सार्वजनिक उत्पन्नात रूपांतरित होते. मात्र ते उत्पन्न कोणासाठी खर्च होते, यावर या धोरणाचे सामाजिक मूल्य ठरते.

पूर्वतयारीच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो क्रमाचा. नकाशे काढण्याची संगणकप्रणाली, मोठ्या माहितीसंचांवर काम करण्याची भाषा आणि आलेखांची सजावट ही कौशल्ये आकर्षक असतात व लवकर हाती येतात, म्हणून विद्यार्थी तेथून सुरुवात करतात. पण सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्राचा पाया कच्चा असेल, तर या साधनांनी केवळ देखणे वर्णन तयार होते. एककेंद्री शहराचे प्रतिमान समजण्यासाठी बंधनयुक्त महत्तमीकरण, म्हणजे ठरावीक उत्पन्नाच्या मर्यादेत जास्तीत जास्त उपयोगिता कशी मिळवावी हे लाग्रांज गुणकाने सोडवण्याची रीत, अंगवळणी पडलेली असावी लागते. ज्या विद्यार्थ्याला उपयोगिता फलनावरून मागणीचे फलन स्वतः काढता येते, प्रवासखर्च वाढल्यास भाड्याच्या वक्ररेषेचा उतार कोणत्या दिशेने बदलेल हे कागदावर सिद्ध करता येते, आणि प्रतिगमनातील गुणकाचा अर्थ सांगताना तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे हेही सांगता येते, त्याने प्रगत अभ्यासक्रमाकडे वळण्यास हरकत नाही. ज्याला हे जमत नाही, त्याने एखादे वर्ष कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता व अर्थमिती यांवर घालवावे. ते वर्ष वाया जात नाही. जॅन ब्रूकनर यांचे नागरी अर्थशास्त्रावरील व्याख्यानांचे पुस्तक या टप्प्यावर विशेष उपयोगी पडते, कारण त्यात गणित बेताचे असून तर्क मात्र पूर्ण आहे. मासाहिसा फुजिता यांचा १९८९ चा ग्रंथ आणि केनेथ स्मॉल व एरिक व्हरहूफ यांचे नागरी वाहतुकीच्या अर्थशास्त्रावरील २००७ चे पुस्तक ही त्यापुढची पायरी आहे.

वाहतुकीच्या बाजूने जाणाऱ्याला 'विविक्त निवडी'चा सिद्धांत टाळता येत नाही. माणूस दररोज बस किती किलो घ्यावी असा निर्णय घेत नसून बस, लोकल, रिक्षा किंवा दुचाकी यांपैकी एक साधन निवडतो. अशा सुट्या पर्यायांमधील निवडीची संभाव्यता भाडे, वेळ, थांबण्याचा त्रास इत्यादी घटकांवरून काढण्याची अर्थमितीय पद्धत डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात विकसित केली व त्यासाठी त्यांना २००० चे नोबेल पारितोषिक मिळाले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील 'बार्ट' ही रेल्वे १९७२ मध्ये सुरू होत असताना, कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के प्रवासी तिच्याकडे वळतील असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांच्या प्रतिमानाने ६.३ टक्के सांगितले आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. हे यश अभ्यासक्रमांत नेहमी सांगितले जाते, परंतु त्याच प्रतिमानाची मर्यादा त्याहून जास्त शिकवून जाते. या पद्धतीच्या सर्वांत साध्या रूपात, म्हणजे साध्या लॉजिट प्रतिमानात, नवा पर्याय आला, की तो जुन्या सर्व पर्यायांकडून त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात प्रवासी खेचतो असे गृहीत धरलेले असते. मुंबईत वातानुकूलित लोकल आल्यावर ती दुचाकीस्वार आणि प्रथम वर्गाचा पासधारक यांना सारख्याच प्रमाणात ओढील, असे मानणे उघडच असमंजस आहे. जवळच्या पर्यायांचे गट करणारी किंवा व्यक्तिगणिक आवडी बदलू देणारी प्रतिमाने याच अडचणीतून निर्माण झाली. केनेथ ट्रेन यांनी या विषयावरील आपले पुस्तक सर्वांना विनामूल्य वाचण्यासाठी उपलब्ध ठेवले आहे, आणि लोझानच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेली 'बायोजीम' व लीड्स येथील 'अपोलो' या गणनप्रणालीही विनामूल्य आहेत. तेव्हा पैशाअभावी हा भाग अडून राहण्याचे कारण नाही.

तरीही या शाखेतील खरी कसोटी प्रतिमानाची नसून कार्यकारणभावाची आहे, आणि प्रगत प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ त्यावरच खर्च होतो, किंबहुना व्हायला हवा. मेट्रोच्या स्थानकाजवळ घरांचे भाव जास्त असतात, एवढ्यावरून मेट्रोमुळे भाव वाढले असे म्हणता येत नाही, कारण मेट्रोची मार्गिका मुळातच जेथे वस्ती व व्यवहार वाढत आहेत तेथून नेली जाते. रस्ते, स्थानके व उद्योगवसाहती चिठ्ठ्या टाकून वाटल्या जात नाहीत, आणि म्हणून 'जेथे सोय आहे' व 'जेथे नाही' अशा दोन ठिकाणांची थेट तुलना बहुधा फसवी निघते. यातून वाट काढण्यासाठी संशोधक इतिहासातील अशा घटना शोधतात, ज्यांचा शहराच्या वाढीच्या शक्यतेशी संबंध नव्हता. १९६१ मध्ये उभारलेली व १९८९ मध्ये पडलेली बर्लिनची भिंत ही अशी एक घटना होय: पश्चिम बर्लिनमधील जे भाग जुन्या व्यापारी केंद्रापासून तोडले गेले, त्यांच्या जमिनीचे भाव व रोजगार कसे बदलले, यावरून आल्फेल्ट, रेडिंग, स्टर्म व वोल्फ यांनी २०१५ मध्ये माणसे व व्यवसाय एकत्र आल्याने होणाऱ्या लाभाचे मोजमाप केले. अमेरिकेतील महानगरांविषयी जिल् ड्युरँटन व मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये दाखवले, की महामार्गांची लांबी जेवढ्या प्रमाणात वाढते, जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो, म्हणजे नव्या रस्त्यांनी कोंडी सुटत नाही. जकार्तात गर्दीच्या वेळी मोटारीत किमान तीन माणसे असण्याची सक्ती २०१६ मध्ये अचानक उठवण्यात आली, तेव्हा ज्या रस्त्यांवर व ज्या वेळांना ती कधी लागूच नव्हती, तेथेही वाहतूक मंदावली, हे गूगल नकाशांवरील प्रवासवेळांवरून हॅना, क्राइंडलर व ओल्केन यांनी सिद्ध केले.

या दृष्टीने पाहिले, तर महाराष्ट्रात संशोधनाची सामग्री विपुल आहे, पण तिच्यातील खाचाही ओळखता आल्या पाहिजेत. मुंबईत बससेवा चालवणाऱ्या बेस्टने जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले. प्रवासी संख्या वाढल्यास ती भाडेकपातीमुळेच वाढली असे मानण्याचा मोह होतो, मात्र त्याच सुमारास भाडेतत्त्वावरील छोट्या बस ताफ्यात येऊ लागल्या होत्या आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने निरीक्षणाचा काळच तोडून टाकला. मार्च २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. येथे पुरुष प्रवाशांचे भाडे तेच राहिल्यामुळे तुलनेसाठी एक गट आपोआप मिळतो, आणि सवलतीआधीचा व नंतरचा बदल दोन्ही गटांत ताडून पाहण्याची 'दुहेरी फरका'ची पद्धत वापरता येते. मात्र पत्नीचे तिकीट स्वस्त झाल्यामुळे पतीही दुचाकीऐवजी बसने जाऊ लागला, तर तुलनेचा गटही निर्लेप राहत नाही. ही शंका ज्याला आपणहून सुचते, त्याचे प्रशिक्षण योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.

भारतात या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम अर्थशास्त्र विभागांत क्वचितच मिळतो, त्यामुळे दोन वाटांपैकी एक धरावी लागते. पहिली वाट अर्थशास्त्राची: पुण्याची १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा भारतीय सांख्यिकी संस्था येथे सिद्धांत व अर्थमितीचा भक्कम अभ्यास करून प्रबंधिकेसाठी शहराचा विषय घेता येतो. गोखले संस्थेत तर या विषयाची जुनी परंपराच आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि घरोघर जाऊन माहिती कशी गोळा करावी याचा धडा म्हणून ते आजही वाचण्यासारखे आहेत. दुसरी वाट नियोजन व अभियांत्रिकीची: दिल्लीचे नियोजन व वास्तुकला विद्यालय, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, तसेच आयआयटी मुंबईतील वाहतूक अभियांत्रिकी व नागरी विज्ञानाचे अभ्यासक्रम. येथे प्रवासाच्या मागणीचे अंदाज व प्रकल्पांचे मूल्यमापन उत्तम शिकवले जाते, मात्र किंमत व कल्याण यांचा आर्थिक विचार विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर भरून काढावा लागतो. शासकीय नोकरी, महानगर प्राधिकरण किंवा सल्लागार संस्था हे ध्येय असेल तर दुसरी वाट अधिक सरळ आहे. संशोधन हे ध्येय असेल तर पहिली.

परदेशात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाची वाहतूक अभ्यास संस्था प्रकल्प मूल्यमापन व निवडप्रतिमाने यांसाठी, ॲमस्टरडॅमचे व्रिये विद्यापीठ अवकाशीय व वाहतूक अर्थशास्त्रासाठी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स नागरी अर्थशास्त्रासाठी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची अर्व्हाइन शाखा या दोन्ही विषयांच्या संयोगासाठी नावाजलेल्या आहेत. संस्थेच्या नावापेक्षा तेथील अध्यापकांचे गेल्या पाच वर्षांतील लेख पाहणे जास्त शहाणपणाचे ठरते, कारण पीएचडीच्या काळात विद्यार्थी अखेर एका व्यक्तीच्या विचारपद्धतीत घडतो, आणि ती व्यक्ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल किंवा दुसऱ्या विषयाकडे वळली असेल, तर विभागाची कीर्ती फारशी कामी येत नाही.

पीएचडीचे विद्यार्थी व तरुण अध्यापक यांच्यासाठी असणाऱ्या अल्पकालीन प्रगत शाळांचे या शाखेत मोठे स्थान आहे. आंतरराष्ट्रीय वाहतूक अर्थशास्त्र संघटनेच्या वार्षिक परिषदेला जोडून अशी शाळा भरते, आणि नागरी अर्थशास्त्र संघटनाही डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शाळा घेते. काही दिवसांच्या या शाळेत गर्दीवरील कर, अवकाशीय समतोलाची संख्यात्मक प्रतिमाने अशा एखाद्या विषयावर त्यातील कर्ते अभ्यासक सलग व्याख्याने देतात. पाया तयार नसताना तेथे गेल्यास हाती केवळ प्रमाणपत्र लागते; पीएचडीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, स्वतःचा प्रश्न ठरलेला परंतु पद्धत पक्की झालेली नसताना गेल्यास, मात्र एका आठवड्यात पुष्कळ महिन्यांची चाचपड वाचते. जाण्यापूर्वी व्याख्यात्यांचे दोन-तीन लेख केवळ वाचून थांबू नये; अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूसारख्या नियतकालिकांतील लेखांची माहिती व संगणकीय आज्ञावली सार्वजनिक असते, तिच्या आधारे त्यांतील एखादा मुख्य तक्ता स्वतः पुन्हा काढून पाहावा. या एका सरावाने जेवढे कळते तेवढे दहा व्याख्यानांनी कळत नाही.

संशोधनाचा प्रश्न निवडताना परदेशी प्रतिमान उचलून भारतीय शहराला चिकटवणे ही सर्वांत सोपी, म्हणूनच सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. बेंगळुरूमध्ये प्रत्यक्ष प्रवाशांवर प्रयोग करून गेब्रियल क्राइंडलर यांनी गर्दीच्या वेळेवरील कराचा अभ्यास केला. तेथे वाहने वाढत जातात तसा विलंब एकदम न उसळता बेताने वाढतो आणि म्हणून अशा करातून मिळणारा कल्याणलाभ लहान असतो, हा त्यांचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकी अपेक्षेला धक्का देणारा आहे. भारतातील १५४ शहरांच्या प्रवासवेगाच्या अभ्यासातही शहराशहरांतील फरक कोंडीपेक्षा मोकळ्या रस्त्यावरील मूळ वेगामुळेच जास्त पडतो, असे दिसून आले. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींविषयी दाखवले, की सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी त्या गुणवत्तेने कमी दर्जाचे महाविद्यालयही स्वीकारतात; प्रवासाचा खर्च केवळ मिनिटे व रुपये यांत मोजणाऱ्या प्रतिमानातून ही बाब निसटून जाते. मुंबईत चटईक्षेत्र निर्देशांकाच्या, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल या मर्यादेच्या, आणि भाडेनियंत्रणाच्या दीर्घ इतिहासामुळे जमिनीचा बाजार पुस्तकातल्यासारखा वागत नाही. उंचीवर मर्यादा घातल्यास शहर बाहेर पसरते व प्रवास लांबतो, हे बर्टोद व ब्रूकनर यांनी २००५ मध्ये सिद्धांताने मांडले, पण वसई, कल्याण किंवा पनवेलच्या दिशेने झालेल्या पसाऱ्यात या मर्यादेचा वाटा किती आणि लोकलच्या स्वस्त पासाचा किती, हे वेगळे काढणे हा पूर्ण प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

माहितीच्या स्रोतांबाबत मराठी जाणणाऱ्या संशोधकाला एक खरीखुरी सोय आहे. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना कामाच्या ठिकाणचे अंतर व प्रवासाचे साधन विचारले गेले, मात्र ते नेमके कोठे जातात हे त्या तक्त्यांतून कळत नाही. २०१९ च्या वेळवापर पाहणीत प्रवासाचा वेळ मिळतो, पण ठिकाण मिळत नाही. ही पोकळी स्थानिक कागदपत्रांनी अंशतः भरून निघते. नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दरतक्ते, म्हणजे बोलीभाषेतील रेडी रेकनर, दस्तनोंदणीतील सूची क्रमांक दोन, महापालिकांचे अंदाजपत्रक, परिवहन उपक्रमांच्या अहवालांतील मार्गनिहाय उत्पन्न ही सामग्री बव्हंशी मराठीत असते व बाहेरच्या संशोधकाला सहजी उलगडत नाही. रेडी रेकनरचे दर शासनाने ठरवलेले असल्यामुळे ते बाजारभावाच्या मागे-पुढे असतात आणि दस्तातील रकमेतही व्यवहाराचा सगळा पैसा दिसतोच असे नाही, ही अडचण प्रबंधात लपवू नये. ती मोजण्याचा प्रयत्न हाच संशोधनाचा एक भाग ठरू शकतो. आगारातील वाहतूक नियंत्रक, वाहक व शेअर रिक्षाचे चालक यांच्याशी झालेल्या संवादातून कोणता मार्ग केव्हा व का बदलला हे जसे कळते, तसे ते कोणत्याही संगणकीय संचातून कळत नाही.

अर्थसाहाय्याच्या दृष्टीने पाहता, अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या पीएचडीत प्रवेश मिळालेल्यांना बहुतेक चांगल्या विभागांत शुल्कमाफी व अध्यापन-साहाय्याच्या बदल्यात निर्वाहवेतन मिळते. नेदरलँड्समध्ये पीएचडीचा विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो आणि त्या जागेची नोकरीप्रमाणे जाहिरात निघते. इंग्लंडमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मात्र स्वतंत्र शिष्यवृत्ती शोधावी लागते. देशात नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती हा मुख्य आधार असून महाराष्ट्रातील पात्र विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्ती आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहेत. त्यांच्या अटी बदलत असल्याने चालू वर्षाची जाहिरातच प्रमाण मानावी. अमेरिकी विद्यापीठांचे अर्ज साधारणतः डिसेंबरात बंद होतात, त्यामुळे शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांकडे उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लगेच जावे आणि जाताना गुणपत्रिकेबरोबर स्वतः लिहिलेला आठ-दहा पानांचा लेख न्यावा. त्यात एकच प्रश्न, एकच माहितीसंच आणि निष्कर्ष कोठे चुकू शकतो याची प्रांजळ चर्चा असली, तर पत्र लिहिणाऱ्याला केवळ हुशारीची भलामण न करता विद्यार्थ्याच्या कामाविषयी नेमके काही लिहिता येते, आणि प्रवेश समिती अशाच पत्रांना वजन देते.